गोळी सुरू केल्याची तारीख

शिरूर अनंतपाळ, २०२३

९ ऑक्टोबर, सोमवार
साकोळहून भाचीचा फोन. आक्का रानात पडली. सोयाबीन काढताना. डोळे पांढरे, हातपाय ताठ, तोंडाला फेस. बायांनी कांदा हुंगवला, मुठीत किल्ल्या दिल्या. चार-पाच मिनिटं चाललं म्हणे. विळा लांब पडला म्हणून बरं.
दुकानाचं शटर ओढून गेलो. आक्का ओसरीवर बसलेली. जीभ चावलेली, तरी मलाच रागावली. "बापू, तू कामून आलास? गिऱ्हाईक सोडून?"
तिला काही आठवत नाही. वय ४६. आजवर असलं कधी नाही.

१० ऑक्टोबर
लातूर. डोक्याचा सीटी स्कॅन. मेंदूत खडूच्या कणाएवढा ठिपका. डॉक्टर म्हणाले, पट्टकृमीची अळी. कधीतरी मेंदूत जाऊन बसली, मेली, सुकली. आपल्याकडं मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली की हे कारण बऱ्याचदा निघतं.
आक्का माळकरी. तिला ते फार लागलं. वाटेत दोनदा सांगितलं, अंडी कच्च्या भाजीवरून येतात, पाण्यातून येतात, मांस न खाणाऱ्यालाही होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.
फेनिटोइन १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. एक दिवसही चुकवायची नाही.
गोळ्या माझ्याच दुकानातून दिल्या. सवयीनं बिल फाडलं.

११ ऑक्टोबर
फिट नाही.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना
आक्काचा नऊ दिवसांचा उपास. गोळी उपाशीपोटी नको म्हटलं. भगर खाऊन घेते. भाची रोज रात्री फोन करून सांगते, "मामा, तीन झाल्या."

२४ ऑक्टोबर, दसरा
आक्का आपट्याची पानं घेऊन आली. बरी आहे. चालताना जरा तोल जातो, पण गोळीनं तेवढं होतं. सोयाबीनला उतारा नाही. ऑगस्ट कोरडा गेला, वरून पिवळा मोझॅक. हमीभाव ४६०० आहे, पण हातात मालच नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार
आक्काला ताप. १०१. पॅरासिटामॉल दिली. तापाची साथ आहेच, दुकानात निम्मी गिऱ्हाइकं तापाची.

३० ऑक्टोबर
ताप उतरला नाही. मानेत दोन्ही बाजूंनी गाठी, वाटाण्याएवढ्या. घसा लाल. अ‍ॅझिथ्रोमायसिन दिली. चिठ्ठी नव्हती. माझ्या मनानं दिली. लिहून ठेवतो.

१ नोव्हेंबर
छातीवर, पाठीवर लाल पुरळ. खाज. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं एसटी बंद. रस्त्यावर टायर जळालेले. आक्काला मोटारसायकलवरून शिरूरला आणलं.
४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यातलं रेणापूर आहे. शिरूर नाही.

२ नोव्हेंबर
पुरळ तोंडावर. डोळ्यांखाली सूज. शेजारच्या म्हातारीनं बाजेवर कडुनिंबाचा पाला पसरला, गोवर म्हणाली. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, काय दिलं होतं? अ‍ॅझिथ्रोमायसिन सांगितलं. म्हणाले, त्याचीच अ‍ॅलर्जी, बंद करा.
बंद केली. माझीच चूक निघाली, पण कारण सापडलं म्हणून रात्री झोप लागली.
फिटची गोळी चालू. तीन वेळा. भाची मोजते.

३ नोव्हेंबर
कोरडा खोकला. ताप १०२.

४ नोव्हेंबर
जिना चढून आली आणि बसलीच. "बापू, दम लागायलाय." एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना खाली ढगासारखं पांढरं. दुसरे डॉक्टर. मानेत गाठी, ताप, खोकला, फुप्फुसात डाग. म्हणाले, टीबी धरून चाला, गोळ्या आजपासून सुरू करा.
चिठ्ठी घेऊन माझ्याच काउंटरमागं उभा राहिलो. गोळ्या तिसऱ्या फळीवर आहेत. आयसोनियाझिडनं फेनिटोइन रक्तात साचतं, रिफाम्पिसिननं ते उतरतं. एवढं परीक्षेपुरतं पाठ केलेलं अजून आठवतं. दोन्ही एकदम चालू केल्या तर तिच्या रक्तात काय होईल ते मला सांगता येईना.
डॉक्टरांकडं परत गेलो. आधी थुंकी तपासू का, म्हटलं. चिडले नाहीत. म्हणाले, तपासा, पण थांबू नका.
रक्ताचा कागदही आला. हिमोग्लोबिन बघितलं, पांढऱ्या पेशी बघितल्या, घडी घालून खिशात ठेवला.

५ नोव्हेंबर, रविवार
थुंकीच पडेना. खोकला सगळा कोरडा. मिठाच्या पाण्याची वाफ दिली तेव्हा थोडीशी निघाली. डबी सरकारी दवाखान्यात सीबीनॅटसाठी दिली.
टीबीच्या गोळ्या अजून दिल्या नाहीत. बरोबर करतोय की नाही? बायको म्हणाली, तुम्ही डॉक्टर नाहीत. खरं आहे.

६ नोव्हेंबर
टीबी नाही.
संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८८. दुसऱ्या बोटाला लावला. ८७. १०८ला फोन. नळेगाव गेलं तेव्हा आक्कानं माझा हात धरला. तिचा हात तापलेला आणि सोललेला. अनंतपाळाला नारळ बोलली. मीही मनात बोललो.

७ नोव्हेंबर, पहाटे
लातूरला वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई. रात्रभर उभ्या होत्या. कागद मागितले. घडी घातलेला रक्ताचा कागद दिला. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. इओसिनोफिल २२ टक्के.
तीन दिवस तो कागद माझ्या खिशात होता. बघितला असता तरी जंत म्हटलं असतं. आपल्याकडं इओसिनोफिल वाढलं की जंत, नाहीतर हत्तीपायाचे जंतू. ती तपासणीही त्यांनी पाठवली.
मग विचारलं, "काका, गेल्या दोन महिन्यांत नवीन औषध कोणतं सुरू झालं? तारखेसकट सांगा."
"अ‍ॅझिथ्रोमायसिन. ३० ऑक्टोबर."
"ताप कधी आला?"
"२९ला."
"मग त्याच्या आधीचं सांगा."
पाकिटात बिल होतं. माझ्या दुकानाचं, माझ्या अक्षरातलं. १० ऑक्टोबर. मी म्हणालो, ही तर फिटची गोळी आहे, तिच्यावर तर ती बरी आहे.
त्या म्हणाल्या, "तीच."

७ नोव्हेंबर, रात्री
फेनिटोइन बंद. त्याऐवजी लेव्हेटिरॅसिटॅम, शिरेतून. स्टेरॉइडही शिरेतून. छातीचा सीटी झाला. दोन्ही फुप्फुसं काचेवर वाफ धरावी तशी धुरकट. जंतुसंसर्ग नाही याच्या तपासण्या चालू. यकृतालाही सूज, एसजीपीटी ३०० च्या वर. म्हणून व्हॅल्प्रोएट नको म्हणाले.
ऑक्सिजनचा मास्क. आक्काला तो नाकावर नको वाटतो. काढते. लावतो. काढते.

८ नोव्हेंबर
पहाटे ३.२० ला तिचा उजवा हात थरथरायला लागला. मग तोंड वाकडं झालं. मिनिटभर. घड्याळ लावून बघितलं. सिस्टर धावत आल्या. थांबलं.
आता कळलं, ही गोळी एकाएकी बंद करायला डॉक्टरसुद्धा का घाबरतात.

९ नोव्हेंबर
भाचीनं दुकानातून माझं जुनं फार्माकॉलॉजीचं पुस्तक आणून दिलं. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून वाचतोय. फेनिटोइन पहिल्यांदा तयार झालं १९०८ साली, जर्मनीत. फिटवर चालतं हे कळायला १९३८ उजाडलं. अमेरिकेत मेरिट आणि पटनम या दोघांनी ते मांजरांवर तपासलं होतं. तोवर फिटवर होतं काय, तर ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटोन. माणूस दिवसभर गुंगीत. या गोळीनं फिट थांबते आणि माणूस जागा राहतो. किती घरं सावरली असतील.
दुष्परिणामाच्या ओळी बारीक अक्षरात. हिरड्या फुगणं. तोल जाणं. अंगावर लव. हे सगळं माहीत होतं. त्याखाली: ताप, पुरळ, गाठी, यकृत. फुप्फुसाचं नाव कुठं येतं, कुठं येतही नाही.

१० नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं. त्यांनी चहा पितापिता सांगितलं ते लिहून घेतो.
गोळी यकृतात मोडताना एक तिखट तुकडा तयार होतो. बहुतेकांचं शरीर तो लगेच निकामी करतं. काहींचं करत नाही. मग शरीर आपल्याच पेशींना परकं समजतं. हे पहिल्या दिवशी होत नाही. दोन ते आठ आठवड्यांनी होतं, म्हणून गोळीवर संशयच जात नाही. कातडी, गाठी, यकृत यांवर आधी दिसतं. फुप्फुसात त्यामानानं कमी, पण तिथं गेलं की जिवावर येऊ शकतं. हजारात एक ते दहा हजारांत एक, असा या विकाराचा अंदाज. त्यातही फुप्फुसाला सूज येणारे थोडे.
कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन ही तिची भावंडं. एकीनं झालं की दुसरीनंही होण्याची भीती मोठी. व्हॅल्प्रोएट वेगळ्या घराण्यातलं, पण त्यानंही फुप्फुसाभोवती पाणी झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत.
मी विचारलं, माझ्या अ‍ॅझिथ्रोमायसिननं काय बिघडलं?
त्या म्हणाल्या, "औषधानं नाही काका. त्यानं तीन-चार दिवस सगळ्यांची नजर दुसरीकडं गेली."

११ नोव्हेंबर
ताप नाही. पहिला दिवस.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
वॉर्डाच्या खिडकीतून फटाके. धूर येतो म्हणून सिस्टरनी काचा लावल्या. दुकानात बायकोनं वहीपूजन केलं. फोनवर विचारत होती, नव्या वहीत पहिली ओळ काय लिहू. श्री लिही म्हटलं.
ऑक्सिजन ९३, मास्क लावून.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज
आक्का उठून बसली. ताट पाहिजे म्हणाली. भाचीनं शेजारच्या पेशंटकडून स्टीलची ताटली आणली. कुंकू, तांदूळ, सुपारी. निरांजन लावायला सिस्टरनी मनाई केली, ऑक्सिजन चालू आहे. आक्कानं न पेटवलेल्या वातीचं ताट तसंच ओवाळलं. हात कापत होता. हातावरची कातडी पापुद्र्यानं निघालीय, खाली गुलाबी नवी.
मी ओवाळणी घातली. तिनं त्यातली दहाची नोट सिस्टरना द्यायला लावली.
माझ्या गळ्याशी आलं होतं. बोललो नाही.

१७ नोव्हेंबर
आज राष्ट्रीय अपस्मार दिन, भिंतीवर फलक होता. दुपारी गावाकडून एक पाहुणे भेटायला आले. बोलताबोलता भाचीच्या स्थळाचा विषय काढला. आईला फिट येते हे पलीकडच्यांना कळलंय, जरा थांबा म्हणतात.
भाची तिथंच उभी होती. म्हणाली, "मामा, अळी मेंदूत गेली म्हणून फिट आली, ती माझ्यात कशी येईल?" पाहुणे गप्प.
१९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून फेफऱ्याचा उल्लेखच काढून टाकला. २४ वर्षं झाली. आमच्या ओसरीपर्यंत पोचलं नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार
विना ऑक्सिजन ९५. स्टेरॉइड आता तोंडावाटे, हळूहळू कमी करायचं. साखर वाढलीय, त्याची वेगळी गोळी.

२० नोव्हेंबर
घरी. डिस्चार्जच्या कागदावर लाल शाईत लिहून दिलंय: फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन देऊ नये. मी लॅमिनेशन करून त्याची दोन कार्डं केली. एक आक्काच्या बटव्यात, एक भाचीच्या मोबाइलच्या कव्हरमागं. उद्या रस्त्यात फिट आली आणि कुणी घाईत तेच इंजेक्शन भरलं तर?
रक्ताच्या नात्यात कुणाला फिट सुरू झाली तर त्यांनीही डॉक्टरांना हे सांगायचं. म्हणजे भाचीनं. म्हणजे मीही.

२२ नोव्हेंबर
दुकान उघडलं. फळीवर फेनिटोइनचे डबे. हात लावला नाही बराच वेळ.
डब्यात कागद असतो. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. स्ट्रिप फाडून देतो तेव्हा कागद डब्यातच राहतो. २२ वर्षं तो डब्यातच राहिला.

२३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी
आक्काचा उपास मोडायला लावला. माळेवर हात ठेवून म्हणाली, "विठ्ठल समजून घेईल." स्टेरॉइड उपाशीपोटी नको.

२५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून नोंद पाठवलीय, पण म्हणाल्या, तुम्हालाही कळवता येतं. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. मुख्य केंद्र गाझियाबादला, भारतीय औषधसंहिता आयोगात. तिथून नोंद जगाच्या साठ्यात जाते, स्वीडनमधल्या उप्सालाला. डॉक्टर, सिस्टर, औषधवाला, खुद्द पेशंट, कुणीही कळवावं. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. फोन १८००-१८०-३०२४, पैसे लागत नाहीत. पेशंटचं पूर्ण नाव लिहायचं नाही, आद्याक्षरं फक्त. खात्री असावी लागत नाही. संशय पुरे.
फॉर्म काढला. रकाने: औषधाचं नाव. बॅच नंबर. सुरू केल्याची तारीख. थांबवल्याची तारीख. त्रास सुरू झाल्याची तारीख. थांबवल्यावर त्रास कमी झाला का. सोबत चालू असलेली इतर औषधं.
शेवटच्या रकान्यात माझी अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिली. चिठ्ठीशिवाय दिली, तेही लिहिलं.
बॅच नंबर बिलावर होता. फाडलेलं बिल कामी आलं.

२७ नोव्हेंबर
येरोळचे एक आजोबा. जुना दमा, छातीला पंप. कंबरेतून पायात कळ जाते म्हणून कुणी तरी प्रेगाबालिन लिहून दिलेली. वर रात्रीची झोपेची गोळी. ही प्रेगाबालिन मुळात फिटच्या औषधांतलीच, आता नसांच्या दुखण्याला सर्रास जाते. आमच्या काउंटरवर फेनिटोइनपेक्षा जास्त. म्हाताऱ्या, दमेकरी माणसाचा श्वास तिनं मंदावू शकतो, विशेषतः झोपेच्या गोळीसोबत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन दोन्हींबद्दल तसा इशारा दिलाय. परवाच वाचलं.
आजोबांना बसवलं. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी झोपेची गोळी काढली, दुसरीचा डोस निम्मा केला. "बरं झालं सांगितलं," म्हणाले. एवढंच असतं. एक फोन.
आजोबा म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक कमी व्हायलंय की." पाणी दिलं, एसटीत बसवलं.

३ डिसेंबर, रविवार
आक्काला परत ताप. ९९.८. हातावर चार लाल ठिपके. पोटात गोळा आला. फोन केला. स्टेरॉइड ठरल्यापेक्षा लवकर कमी केलं होतं का? भाचीनं कबूल केलं, आईनंच. साखर वाढते म्हणून आपल्या मनानं अर्धी घेत होती पाच दिवस.
आधीचा डोस परत सुरू. रागावलो. नंतर वाईट वाटलं.

६ डिसेंबर
ठिपके गेले. औषध शरीरातून निघून गेलं तरी आतला भडका कित्येक आठवडे धुमसतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विस्तव राखेखाली असतो तसा.

११ डिसेंबर
दुकानाची बिलं चाळली. फेनिटोइन नेणारे २७ जण. त्यात चौघे नवे, दोन महिन्यांच्या आतले. चौघांना फोन केले. तिघे ठीक. एक पोरगा हाडोळीचा, दोन दिवसांपासून ताप. पोटात धस्स झालं. पुरळ? नाही. गाठी? नाही. तरी डॉक्टरांकडं पाठवला. रक्त तपासलं, इओसिनोफिल २ टक्के. साधा ताप.
साधा ताप. किती बरं वाटलं.

१२ डिसेंबर
सकाळीच साकोळचे एक गृहस्थ आले. ११ वर्षं फेनिटोइनवर आहेत, नऊ वर्षांत फिट नाही, दोन एकर स्वतः बघतात. आक्काचं ऐकून घाबरलेले. "काढून टाकू का गोळी?"
नाही म्हटलं. तीनदा नाही म्हटलं. तुम्हाला ११ वर्षं पचलीय, या जातीची अ‍ॅलर्जी पहिल्या दोन महिन्यांतली. आपल्या मनानं बंद केली तर विहिरीच्या कडेला फिट येईल. जायचं असेल तर डॉक्टरांकडं जा. स्ट्रिप दिली, ती खिशात घालून गेले.
आक्काच्या गोष्टीनं एकानंही गोळी सोडली तर ते माझ्या माथी.

१५ डिसेंबर
रबरी शिक्का करून आणला. उदगीरहून, १८० रुपये. शब्द जुळवायला तीन रात्री गेल्या. भाचीनं दोन शब्द बदलले, मी "अतिसंवेदनशीलता" लिहिलं होतं.

२४ डिसेंबर, रविवार
लातूर. एक्स-रे साफ. खाली उजवीकडं एक बारीक रेघ राहिलीय, ती राहीलही म्हणाले. यकृत जाग्यावर. फिट नाही, ४६ दिवस. स्टेरॉइड अजून महिनाभर, उतरत्या डोसनं.
परतताना अनंतपाळाला नारळ फोडला. दोन. आक्का पायऱ्या स्वतः चढली. मधे एकदा थांबली. मी खाली मोजत उभा होतो.

२८ डिसेंबर
आज फेनिटोइनच्या पाच स्ट्रिप गेल्या. पाचही पाकिटांवर शिक्का मारला:
"गोळी सुरू केल्याची तारीख ........ पुढच्या दोन महिन्यांत ताप, पुरळ, मानेत गाठी, खोकला किंवा दम यांपैकी काहीही झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ही तारीख सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका."
तारीख मी पेनानं लिहितो.